बायजाचा ढीग

सेलूकडून जंगलाच्या गेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिखलबोडीचा फाटा लागतो. त्या फाट्यावर माझं किराणा दुकान आहे, पुढे दोन बाकडी आणि बाजूला चहाची भट्टी. येणारे-जाणारे मला बंडूजी म्हणतात. हल्ली आमच्या फाट्यावर माणसं कमी आणि पर्यटक जास्त उतरतात. हो, मी या दोन जाती वेगळ्याच धरतो. माणूस उतरला की म्हणतो, "काय बंडूजी, बरं हाय ना?" पर्यटक उतरला की पहिला प्रश्न असा, "इथं टायगर दिसतो का?"

दिसतो ना. दुकानासमोरच उभा आहे. फायबरचा, चांगला दोन पुरुष उंच, सिमेंटच्या चकचकीत ओट्यावर. त्या ओट्याखाली काय आहे हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगायला मी बसलेलोच आहे, आणि नाही विचारलं तरी सांगणार आहे, कारण माझं डोकं फिरलेलं आहे.

ही गोष्ट तानबाजी उईकेची. आमच्याच गावचा, गोंडाच्या घरचा माणूस. त्याची म्हातारी आई असेपर्यंत त्या घरात गोंडी बोलत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात लोकांच्या वावरात निंदण-डवरण, हिवाळ्यात जंगलात वणवा अडवायच्या जाळरेषा काढायचं काम. चारचौघांसारखंच आयुष्य. पण मोहरम आला की तानबाजी चारचौघांतला राहायचा नाही. तो लहानपणी दुखण्यात पडला तेव्हा त्याच्या आईनं नवस बोलला होता, आणि तेव्हापासून तो मोहरमात वाघ व्हायचा. अंगभर पिवळा रंग, वर काळे पट्टे, कमरेला शेपूट, तोंडात लिंबू. डफडं वाजायला लागलं की सेलूच्या बाजारात लोक आपोआप मागे सरायचे. तानबाजी नाचायचा नाही हो, चालायचा. दबकत, खांदे पाडून, मान न हलवता. आईच्या कडेवरची लेकरं रडायची विसरून बघत राहायची.

त्याच्या उस्तादानं त्याला एक नियम घालून दिला होता. वाघाचं सोंग अंगावर आहे तोवर वाघ बोलत नाही. रंग धुतला की मग माणूस. तानबाजीनं हा नियम कधी मोडला नाही. एकदा बाजारात त्याच्या पायात काच घुसली तरी हूं की चूं केलं नाही.

त्याचे पट्टे काढायची बायजा, त्याची बायको. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते जमायचं नाही. दुकानाच्या मागच्या ओसरीत त्याला उभं करून ती काडीनं पट्टे ओढायची आणि ओढता ओढता शिव्या द्यायची, "हालू नका ना, मांजर करू का तुमचं?" बायजाचा आवाज असा होता की बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, पाळीवरून हाक मारली तर माझ्या दुकानात ऐकू यायची. मी साखर तोलताना काट्यावर तिची नजर असायची. "बंडूजी, बोट काढा काट्यावरचं," असं दहा गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. बोट नसायचंच काट्यावर, पण म्हणायची. तानबाजी मात्र तिचं नाव कधी घ्यायचा नाही. जुन्या वळणाचा माणूस. "दामिनीची माय" एवढंच. दामिनी त्यांची एकुलती एक पोरगी.

बायजाला वाघानं नेलं ते चैत्रात. पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. मोह वेचताना बाई वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या मोहाखाली झालं ते. मी पळत गेलो तेव्हा टोपली सरळ उभी होती आणि फुलं सांडलेलीसुद्धा नव्हती. त्याहून जास्त मला सांगायचं नाही.

आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवर दगड ठेवतात. पहिला दगड घरच्यानं ठेवायचा. मग त्या वाटेनं जो जाईल त्यानं. नारळ नाही, शेंदूर नाही, पूजा नाही. वाटेतला दगड उचलायचा, ढिगावर ठेवायचा, चालू लागायचं. कोणी सांगून ठेवायचा नसतो आणि कोणाला दाखवूनही ठेवायचा नसतो. मेलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला विसरले नाहीत. एवढाच त्याचा अर्थ. वाट फाट्याला मिळते तिथं, रस्त्याच्या कडेला, तानबाजीनं पहिला दगड ठेवला. पुढच्या काही वर्षांत ढीग माणसाच्या कमरेएवढा झाला. गुराखी ठेवत, तेंदूपत्त्याच्या बाया ठेवत, मीही दुकान उघडण्याआधी ठेवत असे. एसटीचा कंडक्टर तर फाट्याचं नावच विसरला. घंटी मारून ओरडायचा, "चला, बायजाचा ढीग, उतरा!" दामिनी लग्न होऊन हिंगणघाटला गेली, जावई तिथल्या जिनिंगमध्ये कामाला आहे. ती माहेरी आली की बसमधून उतरून आधी दगड ठेवायची, मग घरी.

तानबाजीनं त्या वर्षापासून वाघ होणं सोडलं. उस्तादाचं पोरगं बोलवायला आलं तर म्हणाला, "पट्टे काढनारी नाई राह्यली, बाबू. अन् आता त्या जनावराचं सोंग माह्या अंगाले लागू नाई देत मी." नवस फेडून टाकला म्हणून दर्ग्यात चादर चढवून आला. विषय संपला होता.

तो उकरून काढला प्रफुलनं. माजी सरपंचाचा हा मुलगा, पुण्याला हॉटेलचा कोर्स करून आलेला. गावात त्यानं होमस्टे काढलं आणि पर्यटन समिती नावाचं एक प्रकरण जन्माला घातलं. अध्यक्ष तोच. त्याचं दुखणं असं की नागपूरच्या गाड्या सुसाट गेटावर जातात आणि फाट्यावर कोणी थांबत नाही. ग्रामपंचायतीत त्यानं मोबाईलवर चित्रं दाखवून आम्हाला समजावलं की परदेशात म्हणे गावागावाचं एक कार्टून असतं, लोक त्याच्यासोबत फोटो काढायला येतात. "गाडीतलं पोट्टं ओरडलं पाह्यजे, पप्पा गाडी थांबवा!" असं तो म्हणाला. आणि त्यासाठी त्यानं निवडला धमालू टायगर.

धमालू टायगर तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या घरात लहान मूल नाही. रोज संध्याकाळी टीव्हीवर लागतो. निळा गॉगल, लाल हाफपँट, पायाखाली चाकांची फळी, आणि उठसूट उड्या. खऱ्या वाघाला लाज वाटावी असं ध्यान. त्याचा मोठा पुतळा फाट्यावर बसवायचा आणि धमालूचा पोशाख घालून एक माणूस गाड्यांसमोर उभा करायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे प्रफुलनं ठरवलं.

पुतळ्याला जागा पाहिजे होती रस्त्यालगतची, सरकारी आणि मोकळी. फाट्यावर तशी एकच जागा होती. ढिगाची.

तानबाजी सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाई म्हनतो." बस, एवढंच. पण त्याच्या मागे सगळ्या बाया आणि गुराखी उभे राहिले तेव्हा प्रफुलनं सूर बदलला. पोशाख तोवर येऊन पडला होता. गावातल्या पोरांनी घालून पाहिला तर पोतं चालत असल्यासारखं दिसत होतं. प्रफुलला तानबाजीचं मोहरमचं सोंग आठवलं. संध्याकाळी तो त्याच्या अंगणात गेला. "काका, ढिगाले हात नाई लावत. बाजूनं बसवतो पुतळा. माहा शब्द हाय. पन तुमी धमालू व्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तानबाजी माझ्या बाकड्यावर येऊन बसला. चहा थंड झाला तरी प्यायला नाही.

"बंडूजी, ढीग राह्यते म्हनते थो."

"अन् तुमी वाघ सोडला होता त्याचं काय?"

"सोडला होता दामिनीच्या मायसाठी. आता धरीन, तेही तिच्यासाठीच." मग ढिगाकडे बघत म्हणाला, "ढीग गेला तं तिले वाटन, विसरले."

तानबाजी उठला, ढिगाजवळ गेला, दगड ठेवला आणि तिथं बराच वेळ उभा राहिला. परवानगी मागत असावा.

तर तो धमालू झाला. भर मे महिन्यात तो फोमचा पोशाख, वर ते धान्याच्या ढोल्याएवढं डोकं. आत माणूस शिजायचा. तासाभरानं माझ्या मागच्या ओसरीत येऊन डोकं काढायचा तेव्हा अंगातून पाणी गळायचं. पण गाडीसमोर उभा राहिला की खांदे पडायचे, मान स्थिर व्हायची. लाल हाफपँटमध्येसुद्धा तो दबकत चालायचा, आणि गाडीतली लेकरं क्षणभर एकदम गप्प व्हायची. मी ते पाहिलं आहे. तेवढा एक क्षण धमालूच्या आतून सेलूच्या बाजारातला वाघ बाहेर यायचा. आणि लगेच प्रफुल ओरडायचा, "काका, भेव नका दाखवू! धमालू असा नाई चालत. उड्या मारा, उड्या!" मग साठीला टेकलेला तानबाजी उड्या मारायचा. उस्तादाचा नियम त्यानं इथंही सोडला नाही. पोशाख अंगावर असला की तोंडातून शब्द नाही.

पुतळा यायची वेळ झाली तेव्हा प्रफुलनं त्याला एक दिवस वर्ध्याला पाठवलं, एका शाळेच्या कार्यक्रमात धमालू म्हणून. त्याच दिवशी इकडे मिक्सर आला. ओट्याच्या पायात भराव पाहिजे होता आणि भरावाला दगड. लांबून कशाला आणायचे? ठेकेदाराच्या माणसांनी ढिगात फावडी घातली.

मी भट्टी सोडून धावलो. ओरडलो, फावडं धरलं. तो ठेकेदाराचा माणूस परगावचा, मला म्हणाला, "शेठ, दगड तं दगडच ना. येवढं काय?" मी प्रफुलला फोन लावला. त्याचं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बंडूजी, ढीग गेला कुठी? आतच हाय ना. उलट पक्का झाला."

संध्याकाळच्या एसटीनं तानबाजी परत आला. कंडक्टरनं सवयीनं घंटी मारली, "बायजाचा ढीग!" तानबाजी धमालूचं डोकं काखेत धरून उतरला. त्यानं आधी रस्त्याच्या या बाजूला बघितलं, मग त्या बाजूला. चुकीच्या थांब्यावर उतरलो की काय, असं त्याला वाटलं असणार. मग डोकं खाली ठेवून त्या ओट्याभोवती फिरला. सिमेंट ओलं होतं. त्यानं त्यावर हात ठेवला आणि उचलला, हाताचा ठसा उमटला. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं तो थापीनं साफ केला.

तानबाजी प्रफुलच्या घरी गेला, पोशाख त्याच्या ओसरीत टाकला आणि एक शब्द न बोलता परत आला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्या वाटणीचा भांडलो, पण दुकानदाराच्या भांडणाला कोण भीक घालतो? 'याचा धंदा वाढला तरी रडतो' असं लोक म्हणायचे. वाढला होता, खोटं का बोलू. शिव्या देत देत मी चिप्सची पाकिटं विकत होतो.

आता पुढची गंमत ऐका. गावातल्या बायांनी आणि गुराख्यांनी दगड ठेवणं काही थांबवलं नाही. ढीग आत आहे असं प्रफुलनंच सांगितलं होतं ना? मग त्यांनी ओट्याच्या कडेला दगड ठेवायला सुरुवात केली. ओट्याला उतरत्या, गुळगुळीत फरश्या. दगड घरंगळून रस्त्यावर. मग बाया दगड वर, धमालूच्या पायाशी टाकू लागल्या. ओटा उंच, बाई ठेंगणी, डोक्यावर सरपणाचा भारा. टाकलेला दगड कधी पायाशी पडायचा, कधी धमालूच्या पोटावर. एका दगडानं गॉगलची काच तडकली. नागपूरच्या एका पर्यटकानं गाडीतून हे सगळं मोबाईलवर घेतलं आणि खाली लिहिलं, गाववाले टायगरला दगड मारतात. झालं! ते चित्रण देशभर फिरलं. आमचं गाव म्हणे रानटी, वाघाचं वैरी. पोलिसांची जीप आली. ओट्यासमोर पाटी लागली, 'पुतळ्यास दगड मारू नये.' सरपणाचा भारा घेतलेल्या बाईला कोणी विचारलं नाही की बाई, तू हे काय करतेस?

पण तेच चित्रण धमालूच्या मुंबईच्या कंपनीनंही पाहिलं. आमच्या अध्यक्षांनी त्यांची परवानगीच घेतलेली नव्हती. नोटीस आली, पुतळा उतरवा, पोशाख बंद करा, नाहीतर कोर्टात या. प्रफुलचं तोंड एवढंसं झालं. मला तर देव पावला. त्या दिवशी तानबाजी दुकानात आला, बाकड्यावरच्या सगळ्यांना त्यानं चहा सांगितला. कितीतरी दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

"आता ओटा फोडन ना हे लोकं?"

"फोडावाच लागन," मी म्हणालो.

"दगड निघन तिचे. मी हातानं वेचून घेईन. सिमेंट लागलं असन तं घासून काढीन."

त्याच आठवड्यात वरून एक साहेब आले, पर्यटनाचे. गाडीतून न उतरताच त्यांनी पुतळा बघितला आणि म्हणाले, "बाहेरचं पात्र घेताच कशाला? लोकल ओळख उभी करा. पुतळा आहेच, थोडा बदल करा. या जागेचं नाव काय?"

शेजारी एसटी थांबलेली होती. कंडक्टरनं खिडकीतून सांगितलं, "बायजाचा ढीग, साहेब."

"बायजा!" साहेब खूश झाले. "काय गोड नाव आहे. अगदी मातीतलं."

प्रफुलला बायजा कोण हे माहीत होतं. लहानपणी तिच्या पदरातली बोरं खाल्लेला पोरगा तो. पण तोंडातून शब्द काढला नाही. उलट साहेब गेल्यावर कामालाच लागला. गॉगल कापला. लाल हाफपँटवर फायबरचं हिरवं लुगडं चढवलं, बायजा नेसायची तसलंच. कपाळाला कुंकू. डोक्यावर टोपली आणि टोपलीत मोहाची फुलं. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. ओटा तसाच राहिला, चांगला पक्का होता ना. नवी पाटी लागली: 'बायजा वाघीण. चिखलबोडीची लाडकी. ती जंगलात मोहफुलं वेचते आणि मुलांवर माया करते.'

तानबाजी ग्रामसभेत पुन्हा उभा राहिला.

"वाघानं खाल्लं तिले. मोह वेचताना खाल्लं. अन् तुमी त्या वाघालेच तिचं नाव देता? लुगडं बी तिचं नेसवता?"

प्रफुल तयारीतच होता. "काका, तसं नका पाहू. थे निगेटिव होते. आपल्याले चांगली गोष्ट सांगा लागते लोकायले. काकूचं नाव पाहा ना कुठी गेलं! अमर झालं!"

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. जिवंतपणी बायजा याच ग्रामपंचायतीत बोडीवर दिव्याचा खांब मागायला वर्षानुवर्षं येत होती. पहाटे मोहाला जाणाऱ्या बायांना उजेड होईल म्हणून. खांब आला, तो आता पुतळ्याला उजेड द्यायला.

वाघिणीच्या पोशाखात पहिल्यांदा कुंदन नावाच्या एका पोराला घातलं. त्याला दारूचा नाद. डीजेवर तो लुगड्यात कंबर हलवायचा, पर्यटक शिट्ट्या मारायचे, "बायजा, और एक बार! बायजा, ठुमका!" तानबाजी माझ्या बाकड्यावर बसून ते बघत होता. थोडा वेळ बघितलं, मग उठून चालता झाला. मला वाटलं घरी गेला. तो प्रफुलकडे गेला होता, पोशाख मागायला.

मी चिडलो. "तानबाजी, लाज नाई वाटत? त्याच लोकायच्या दारात गेलते?"

"दुसरं कोनी तिच्या नावानं कंबर हालवन, त्यापरीस मीच बरा," तो म्हणाला. "मी आत असलो तं निदान कोनी शिटी तं नाई मारनार."

दगडापेक्षा वीट मऊ, दुसरं काय. तेव्हापासून रोज सकाळी तानबाजी माझ्या ओसरीत लुगड्याचा पोशाख चढवतो. जिथं बायजा त्याचे पट्टे काढायची त्याच जागी. ज्या बायकोचं नाव त्यानं जन्मभर तोंडानं घेतलं नाही, तिच्या नावानं कोणीही हाक मारली की वळून बघतो. हिंगणघाटला त्यानं यातलं काही कळू दिलं नाही. दामिनी दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली, दीड-दोन वर्षं आली नव्हती. तिला वाटतं, ढीग आहे आणि आपले बाबा वावरात जातात.

परवा हिंगणघाटच्या एका शाळेची सहल आली. दोन बसगाड्या भरून लेकरं. सगळी वाघिणीकडे धावली, "बायजा! बायजा!" तानबाजी प्रत्येकाशी हात मिळवत होता. मागून एक मुलगी हळूहळू आली आणि थेट माझ्या दुकानाशी थांबली. चेहरा बघितला आणि मी किटलीतून चहा ओतायचा थांबलो. दामिनीची रिंकू. नाकडोळे सगळे आजीचे.

"बंडूआबा, माहे आबा कुठी हाय?"

"वावरात गेले, बेटा." दुसरं काय सांगणार होतो?

ती रस्त्याकडेला वाकली, एक दगड उचलून फ्रॉकला पुसला आणि वाघिणीसमोर जाऊन उभी राहिली. मी किटली घेऊन मागोमाग गेलो.

"तुहं नाव बायजा काऊन हाय?" तिनं विचारलं.

वाघीण गप्प.

"माह्या आजीचं नाव हाय थे. माह्या आजीले वाघानं नेलं. मायनं सांगतलं, फाट्यावर उतरली का आजीच्या ढिगावर दगड ठेवजो. मले ढीग दिसून नाई राह्यला. तुले मालूम हाय?"

मला वाटलं, आता बोलेल. आज तरी बोलेल, उस्ताद गेला खड्ड्यात. तो बोलला नाही. बोलला असता तर पोरीला कळलं असतं की आजीला नेणाऱ्या वाघाच्या कातड्यात आपला आबा आहे. त्यानं फक्त तो फोमचा जाड पंजा उचलला आणि ओट्याकडे केला.

रिंकूनं ओट्याकडे बघितलं. वरच्या पुतळ्याकडे बघितलं. हात पुरत नव्हता म्हणून तिनं टाचा उंचावून दगड वर टाकायला हात उचलला.

मॅडम धावत आल्या आणि त्यांनी तिचं मनगट पकडलं. "रिंकू! पाटी वाचता येत नाही का? दगड मारायचा नाही. बायजाला लागेल ना!" तिच्या मुठीतला दगड काढून त्यांनी मागच्या घाणेरीच्या झुडपात भिरकावला. "चल, सॉरी म्हण बायजाला."

"मी मारत नव्हती, मॅडम—"

"सॉरी म्हण आधी."

रिंकूचे डोळे भरले. वाघिणीकडे बघून ती म्हणाली, "सॉरी, बायजा."

तानबाजीनं तिच्या डोक्यावर पंजा ठेवला. बाकीची लेकरं टाळ्या वाजवत होती. मॅडमनी फोटो काढला, छान आला म्हणाल्या. मग शिट्टी झाली, लेकरं बसमध्ये चढली. रिंकू खिडकीशी बसली होती, पण तिनं हात हलवला नाही.

बस वळणाआड गेली तरी तानबाजीनं डोकं काढलं नाही. तसाच, लुगड्यात, तो घाणेरीत शिरला आणि गुडघ्यावर बसून दगड शोधू लागला. पंजानं काही उचलता येत नव्हतं. मी गेलो त्याच्या मदतीला. तिथं दगडच दगड होते, सगळे सारखे. रिंकूचा कोणता ते आम्हा दोघांनाही ओळखू येईना. तो वाकून एकेक उलटा करून बघत होता.

रस्त्यावर एक गाडी थांबली. काच खाली झाली, आतून एका बाईनं मोबाईल बाहेर धरला.

"ए बायजा, इकडे बघ ना!"

तानबाजीनं वळून बघितलं.